खाजरं अळू

नाबुआ गावात माणसं चिडली की त्यांची बोलीच बदलते. भाताला वेगळं नाव, माशाला वेगळं, कुत्र्यामांजरालाही वेगळं. जेवणं असतं ते गिळणं होतं, तोंड असतं ते थोबाड होतं. आणि ही रागाची बोली परक्यासाठी नसतेच मुळी. परक्याशी गोड बोलायचं, रागवायचं ते आपल्या माणसावर.

एलदाचं दुखणं नेमकं हेच होतं. बुहीच्या तळ्याकाठची ही मुलगी लग्न होऊन इथे आली त्याला आठ महिने झाले, पण सासूबाई, म्हणजे नानाय इस्तिंग, तिच्याशी अजून नागा शहरातल्या शुद्ध बोलीत बोलत. नेने, म्हणजे पोरी, जेवलीस का. नेने, दमलीस का. का, तर म्हणे बुहीची बोली वेगळी, पोरीला आपलं कळायचं नाही. आणि त्याच दमात एलदाच्या नवऱ्याला, रुबेनला, म्हणजे पोटच्या पोराला, "ए, गिळ लवकर, आणि त्या कुत्रड्याच्या नरड्यातही घाल काहीतरी!" रुबेन हसत जेवायचा, कुत्रा शेपूट हलवायचा. एलदाला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. आता बोला!

शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, अशी सासू मिळायला पुण्य लागतं. एलदा मान डोलवायची. पण माहेरी आईनं सकाळपासून तिच्या नावानं शंख केला नाही असा दिवस जायचा नाही, आणि त्या शंखानं घर भरलेलं असायचं. इथे आपण पाहुणीच राहणार, हे तिच्या मनानं घेतलं होतं. गावच्या संताचा सण झाला की जवळच्या इरिगा शहरात भाड्यानं खोली घेऊ, असं रुबेनला सांगायचं तिनं ठरवलं.

सणाच्या दिवशी पाद्री आणि गावप्रमुख जेवायला यायचे होते. नानायनं पहाटेच नारळाच्या दुधात अळूची पानं, कोळंबी आणि मूठभर मिरच्या घालून मोठं पातेलं चुलीवर चढवलं. चर्चमध्ये मिस्साला निघताना ती हळुवारपणे म्हणाली, "नेने, लक्ष ठेव हं एवढं."

ढवळू नको, हे तिनं सांगितलं नाही. ते काय सांगायचं? पानं आपणहून दुधात बसेपर्यंत पळी लावायची नाही, नाहीतर अळू खाजतं, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एलदालाही ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यात इरिगाची खोली घोळत होती. रुबेनशी विषय कसा काढावा याच्या विचारात तिनं पळी उचलली आणि पातेलं चांगलं तळापासून ढवळून ठेवलं.

दुसऱ्या घासाला पाद्री खाकरले. गावप्रमुख तीन पेले पाणी प्याले. एलदाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नानाय मात्र हसून म्हणाली, "यंदा पानंच खाजरी निघाली बघा." एलदाकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. संपलं, आता संध्याकाळीच रुबेनला सांगायचं, असं एलदानं मनाशी पक्कं केलं.

पाहुणे फाटकाबाहेर पडले तशी नानाय स्वयंपाकघरात आली. पळीला चिकटलेली पानं तिनं पाहिली, कमरेच्या रुमालानं कपाळ पुसलं, आणि मग तिचा पट्टा सुटला.

"हात आहेत की वल्ही? तळं समजलीस का माझं पातेलं? एवढं थोबाड घेऊन उभी होतीस चुलीपाशी, डोळे काय मांजरीनं नेले होते? पाद्र्यापुढे खोटं बोलायला लावलंस सणाच्या दिवशी! घरच्या माणसाची अब्रू चारचौघांत काढायची नसते, म्हणून गप्प बसले. आता बघते तुला!"

सगळं अस्सल नाबुआच्या रागाच्या बोलीत. निम्मे शब्द एलदाला कळलेही नाहीत. पण तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तशीच ती हसायला लागली.

"हसतेस काय, निर्लज्ज! बस इथे. एवढं सगळं कोण गिळणार, तुझा बाप?"

एलदा बसली. पहिल्याच घासाला घसा खवखवायला लागला. ती पाणी प्यायली, आणि तिनं पुन्हा वाढून घेतलं.