वजनकाट्यावरचं दान

आमच्या कंपनीतल्या शिकलेल्या लोकांची मला किळस आली आहे, आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

घोटावड्याच्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. माल काट्यावर चढवायचा, गाडीत भरायचा. माझी अम्मी, हसिना, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. मी आणि बायको दोघंही कामावर, म्हणून दिवसभर ती नेऱ्याला सगुणाबाईंच्या रुग्णसेवा केंद्रात असते. नायलॉनच्या चादरीवर पडून तिच्या पाठीला जखमा झाल्यात. सगुणाबाई मला म्हणाल्या होत्या, "अमजद, तुज्या कंपनीत ईचार. जुन्या सुती चादरी पायजेत, धुतलेल्या. दुसरं काय बी नगं."

मी एचआरच्या दिशा मॅडमना विचारलं. त्या एकदम खूश. "छान आयडिया आहे. पण लोकांनी द्यावं म्हणून कॉम्पिटिशन ठेवू." ज्या विभागाचं सामान वजनाला जास्त, त्याला ढाल. वजन करायचं माझ्याच काट्यावर.

"मॅडम, चादरी हलक्या असतात," मी म्हणालो.

"अमजद, जरा पॉझिटिव्ह विचार कर."

पोस्टरवर चादरीचं नावही नव्हतं.

आठवडाभर माझ्यापुढे जे येऊन पडलं, ते उकिरड्यानंही परत केलं असतं. क्वालिटीवाल्यांनी जीन्स आणल्या, वजन वाढावं म्हणून ओल्या केलेल्या. कुणी केस चिकटलेली उशी दिली, कुणी मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. एका पिशवीतून वापरलेल्या चड्ड्या निघाल्या, न धुतलेल्या. पोती उचलणारा माणूस मी, पण ती पिशवी काठीनं सरकवली. अकाउंट्सनं गंजलेले डंबेल्स आणले आणि ढाल जिंकली. चादर एकही नव्हती.

शुक्रवारी सगळं नेऱ्याला नेलं. खाटांच्या मधोमध टेबल मांडून कंपनीच्या हॉलमधले दोन पांढरे टेबलक्लॉथ अंथरले. भाषण झालं, चहा झाला. मग फोटोसाठी दिशा मॅडमनी एक डंबेल उचलून माझ्या आईच्या उशाशी ठेवला. चमचा उचलता येत नाही तिला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला स्वतःचीही लाज वाटली.

सगुणाबाईंनी टेबलक्लॉथचं टोक बोटांत चोळून पाहिलं. कप उचलून बाजूला ठेवले, दोन्ही कापडं काढून घडी केली.

"ह्ये सुती हाय. ह्ये ऱ्हाऊ द्या. बाकीचं तुमचं तुमी घेऊन जावा."

"अहो, ते हॉलचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "अमजद, गाडीत ठेव बरं."

मी सगुणाबाईंच्या हातून कापडं घेतली आणि अम्मीच्या खाटेपाशी गेलो. आम्ही दोघांनी तिला कुशीवर वळवलं, खालचं नायलॉन ओढून काढलं आणि एक टेबलक्लॉथ अंथरला. त्यावर चहाचा गोल डाग होता. अम्मीनं तो चाचपला आणि डोळे मिटले. दुसरा शेजारच्या खाटेवर गेला.

मग मी सगळ्यात आधी अम्मीच्या उशाचा डंबेल उचलला. सगळा माल परत गाडीत भरला. कुणी हात लावला नाही.

गाडीपाशी दिशा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "रिपोर्ट पाठवायचाय. दान किती किलो लिहू?"

"काट्यावर घेतलं नाही, मॅडम," मी म्हणालो. "किलोभर असेल. दोन्ही मिळून."