वरच्या कप्प्यातला पाना

मित्रांनो, मी एक जुना रिंग पाना आहे. पण मला पाहून तुम्हांला ते खरे वाटणार नाही. माझ्या एका टोकाला बारा नंबर आहे, दुसऱ्या टोकाला तेरा, आणि दोन्ही आकडे काल कोरल्यासारखे स्वच्छ वाचता येतात. माझ्या वयाचे पाने आता वाकलेले, झिजलेले, कुठल्या तरी डब्यात काळे होऊन पडलेले असतील. मी मात्र तसाच राहिलो. कसा राहिलो, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची एक कांब लालबुंद तापवून साच्यात ठेवली आणि वरून घण पडला. कांबेचा पाना झाला. मग मला पुन्हा तापवून तेलात बुडवले, आणि परत मंद आचेवर शेकले. कारागीर याला पाणी देणे म्हणतात. पाणी नीट बसले नाही, तर पाना एक तर काचेसारखा तडकतो, नाहीतर मऊ राहतो आणि त्याचे तोंड फाकते. माझे पाणी छान बसले होते. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला लोखंडावर आपटून आवाज ऐकला, मान डोलावली आणि खोक्यात टाकले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. गल्ल्यावर एक वयस्क मालकीणबाई बसत. त्यांच्या दुकानात एक दिवस एक सडपातळ, चष्मा लावलेले गृहस्थ आले. तेच माझे मालक. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते नळांचे नकाशे काढत. घरातले जे बिघडेल ते स्वतः दुरुस्त करायचे, ही त्यांची हौस. आणि त्यासाठी अवजार घ्यायचे तर अस्सलच घ्यायचे, हा त्यांचा हट्ट.

त्यांनी मला हातात घेतले आणि आधी माझी चमक पाहिलीच नाही. बोटावर तोलून माझे वजन बघितले. उजेडाकडे धरून माझ्या कड्यांच्या आतले कोपरे तपासले. खिशातून एक नट काढून माझ्यात बसवला आणि तो किती हलतो ते पाहिले. तो जराही हलला नाही. मग त्यांनी आणखी पाच-सहा पाने मागवून तेच सारे पुन्हा केले.

मालकीणबाई हसून म्हणाल्या, "स्थळ बघायला आल्यासारखे बघताय. मुलगा पसंत आहे का?"

"पसंत आहे," मालक म्हणाले आणि मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले.

मालकांच्या घराच्या मागच्या खोलीत कप्प्यांची एक लाकडी पेटी होती. मालकिणीने, म्हणजे मालकांच्या पत्नीने, प्रत्येक कप्प्याला हिरव्या फ्लॅनेलचे अस्तर शिवून दिले होते. खालच्या कप्प्यात हातोड्या आणि कानशी, मधल्यात पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर, आणि सगळ्यांत वरच्या कप्प्यात आम्ही पाने. एकेका अवजारासाठी मालक महिना महिना दुकाने पालथी घालत. पेटी भरत गेली तसे त्यांचे नाव झाले. आसपासचे लोक त्यांना पानेकाका म्हणू लागले. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंना वाटले, हे पुस्तके बांधून देत असावेत. त्या आपला सुट्या पानांचा शब्दकोश घेऊन दारात हजर. मालक इतके भिडस्त, की त्यांनी खळ लावून तो मुकाट्याने चिकटवून दिला.

दर रविवारी मालक आम्हांला बाहेर काढत, मऊ फडक्याने पुसत, तेलाचे बोट फिरवत आणि परत ठेवत. पाहुणे आले की पेटी उघडून दाखवत. "वा, काय राखलंय!" असे पाहुणे म्हणत आणि आमच्या अंगावर मूठभर मांस चढे.

पण मित्रांनो, एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. स्वयंपाकघरातला नळ गळायचा, पंख्याचा बोल्ट सैल व्हायचा, शिवणयंत्र अडायचे. मालक लगेच उठायचे. पण मागच्या खोलीत नाही, मोरीच्या फळीखाली जायचे. तिथे एका पत्र्याच्या डब्यात स्वस्तातले, तोंड फाकलेले जुने पाने होते. काम त्यांच्याकडून होई. चांगल्या पान्यांवर उगाच ओरखडे कशाला, असे मालक म्हणत. भिंतीपलीकडून मला त्या डब्याचा खणखणाट ऐकू येई. ते पाने चिखलात, वंगणात, पाण्यात जाऊन येत. आणि आम्ही हिरव्या फ्लॅनेलवर पडून. कप्पा बंद झाला की शेजारचा पानाही दिसत नसे.

मालकांना एक धाकटा भाऊ होता. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. येता-जाता दादाकडे डोकावायचा, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा. एका रविवारी सकाळी तो घाईघाईने मागच्या खोलीत आला. त्याच्या व्हॅनच्या इंजिनाचा पट्टा सैल झाला होता आणि तो ताणून बसवायचा बोल्ट पक्का अडकला होता.

"दादा, तेराचा रिंग पाना आहे का?" त्याने विचारले.

मालक आम्हांला पुसायला बसले होते. कप्पा उघडा होता. माझ्या अंगावर उजेड पडला होता. आता आपला नंबर लागला, असे मला वाटले. मालकांचा हात माझ्यापर्यंत आला, माझ्यावर टेकला, आणि मग त्यांनी कप्पा अलगद आत ढकलला.

"रिंग नाही. उघड्या तोंडाचा फिक्स आहे, देतो," असे म्हणत ते मोरीकडे गेले.

पुढचे मी ऐकले तेवढेच सांगतो. खाली व्हॅनचे झाकण उघडल्याचा आवाज आला. धाकट्याचा जोर लावतानाचा हुंकार आला. मग पाना सटकून दगडावर पडल्याचा आवाज आणि मालकिणीची हाक. फाकलेल्या तोंडाचा तो पाना बोल्टवरून सटकला होता आणि धाकट्याचा उजवा हात सगळ्या जोरानिशी पत्र्याच्या धारेवर आदळला होता. आतली शीर तुटली. टाके पडले, जखम भरली, पण दोन बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत. व्हॅनचे काम सुटले. पुढे तो एका गोदामाच्या फाटकावर बसू लागला.

तो भांडला नाही. फक्त यायचा थांबला.

त्या संध्याकाळी मालकीण मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "अहो, त्याला तो द्यायला हवा होता," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती मागच्या खोलीत चहा घेऊन आली नाही. चहा पुढच्या खोलीत ठेवून हाक मारायची. कप्प्याचे अस्तर एका कोपऱ्यात उसवले, ते तिने शिवले नाही.

वर्षे गेली. मालक नोकरीतून मोकळे झाले. मग एका आजारपणात मालकीण गेली. धाकटा त्या दिवशी आला होता, असे मी ऐकले. बाहेर जिन्याशी उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर निघून गेला. घरात मालक एकटे उरले. आता ते दर रविवारी नव्हे, रोजच पेटी उघडत. पुसायला काही नसे, तरी पुसत. कधीकधी मला नुसते हातात धरून बसत. त्यांचा हात गार असे आणि मीही गारच.

एक दिवस एक गृहस्थ पेटी पाहायला, जमल्यास विकत घ्यायला आले. त्यांना जुनी अवजारे जमवण्याचा नाद होता. त्यांनी भिंग लावून आम्हांला पाहिले आणि असा संग्रह आपण कुठेच पाहिला नाही, म्हणून मालकांची तोंडभरून स्तुती केली. मग मला उचलून त्यांनी सहज विचारले, "हा कशाकशाला वापरलात?"

मालक फडके घेऊन पेटीची कड पुसू लागले. गृहस्थांना वाटले, ऐकू आले नसेल. त्यांनी पुन्हा विचारले. मालकांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले आणि पेटी विकायची नाही, असे सांगून त्यांना दारापर्यंत पोहोचवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कापडी पिशवीत घालून ते घराबाहेर पडले. दुकानातून आल्यानंतर मी पहिल्यांदाच बाहेरची हवा घेत होतो. ते सावकाश चालत होते, मध्ये दोनदा थांबले. एका बैठ्या घराचे दार त्यांनी वाजवले. दार धाकट्याने उघडले. त्याचेही केस पांढरे झाले होते.

मालकांनी मला पिशवीतून काढले. एवढेच म्हणाले, "त्या दिवशी हा होता माझ्याकडे."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "कप्पा उघडा होता, दादा. मी पाहिला होता."

मालक पायरीवर बसले. धाकट्याने आत जाऊन पाणी आणले. ते पिऊन होईपर्यंत तो शेजारी उभा राहिला. मग त्याने मला डाव्या हातात घेतले, तोलून पाहिले आणि अंगणातल्या पाण्याच्या पंपाकडे गेला. त्याचा एक बोल्ट गंजून बसला होता. धाकट्याच्या डाव्या हाताला सवय झाली होती, पण जोर पुरेना. तेव्हा मालक उठले आणि त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोघांनी मिळून जोर लावला. बोल्ट करकरला आणि फिरला.

मित्रांनो, ते माझे पहिले काम. माझ्या कड्याला गंज लागला, दांड्यावर एक लांब चरा उठला. मला वेदना नाही झाली. उलट इतकी वर्षे अंग आखडून पडलेल्या माणसाने पाय पसरावेत, तसे वाटले.

निघताना मालकांनी मला तिथेच ठेवले. धाकटा म्हणाला, "बाकीचेही आण. हा एकटा काय करणार?"

पेटी एकदम आणता आली असती. पण मालक दर खेपेला एकच पाना आणतात, चहा घेतात आणि घरी जातात. मी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. दोघे भाऊ फारसे बोलत नाहीत. गेलेली वर्षे काही परत येत नाहीत आणि ती बोटेही मिटत नाहीत. कधीकधी चहाचा कप धाकट्याच्या हातातून निसटतो, तेव्हा मालक दुसरीकडे बघतात.

परवा मालक आलेच नाहीत. धाकट्याने दोनदा दार उघडून रस्त्यावर नजर टाकली. मग चपला घातल्या आणि निघाला. त्या घराची पायरी तो किती वर्षांनी चढणार होता! दिवस कलताना परतला तेव्हा दादाचा गुडघा सुजलाय, असे त्याने बायकोला सांगितले आणि उद्यापासून जेवणाचा डबा घेऊन आपणच जाणार, हेही सांगितले. मी त्याच्या हाताकडे पाहिले. आज माझ्या सोबतीला कोण आले, याची मला उत्सुकता होती. हात रिकामा होता. पाना आणायचे तो विसरला होता.

मला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, अवजारे नीट पारखून घ्या, पुसा, तेल लावा, गंजू देऊ नका. आणि दारात कुणी अडलेला आला, तर आपल्याकडचे सगळ्यांत चांगले त्याच्या हातात द्या. चरे पडले तर पडू देत. चऱ्यांनी आम्ही मरत नाही.