चाड्यावरची मूठ

हस्ताचा पाऊस सरला आणि वाऱ्याने कूस बदलली. चार महिने पश्चिमेकडून मेघभार वाहणारा तो जलगर्भ वारा मावळला. आता पूर्वेकडून दुसरा उठला. कोरडा, निरभ्र, ओलाव्याचा हावरा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानावर तो दिवसभर जीभ फिरवीत हिंडू लागला.

भुई मात्र वाफशावर आली होती. श्यामल, सुगंधी, ओलगर्भ. मुठीत दाबली तर गोळा होणारी, सोडली तर अलगद फुटणारी. पण दोनच दिवस, फार तर तीन. मग वारा सगळी ओल पिऊन टाकणार. आणि शाळू पेरायचा राहिला, तर वर्षाची भाकर राहिली.

पेरणीची पाभर सज्ज होती, बैल जुंपले होते. चाड्यात, त्या लाकडी वाटीत, दाणे सोडायला तेवढी मूठ नव्हती. ती मूठ घरच्या बाईची. अनुसयाबाईंचा हात मोडून गळ्यात बांधलेला. शेजारपाजार आपापल्या रानात, कारण वाफसा साऱ्यांचा एकाच दिवशी. आणि सून कस्तुरा बाविसाव्या दिवसाची बाळंतीण.

कस्तुराने लेकीला बाभळीला टांगलेल्या झोळीत निजवलं आणि ओटीत शाळू घेतला.

"ठेव ते!" अनुसयाबाई कडाडल्या. "सव्वा महिना झाल्याबिगर बियाला शिवायचं नसतं. उगवण मरती."

"आत्या, नऊ महिने ह्याच अंगात बी वाढलं. तवा नाही मेलं ते!"

"जीभ बघा हिची! सिदराम, बायकोला आवर."

सिदरामने कासरा उचलला. "आधी ह्या वाऱ्याला आवर, आई. मग हिला बघतो."

पाभर चालली. चाड्यावर मूठ, मुठीतून दाणा, दाण्यामागे दाणा. मोतीवर्णी, मुका, अंधाराकडे निघालेला. वारा पदर ओढी, केस विस्कटी. कस्तुरा दात आवळून चाले. पी, मेल्या, किती पितोस ते पी. तुझ्याआधी माझा दाणा पिईल.

तिसऱ्या तासाला लेक रडली. कस्तुराचा पान्हा फुटला, चोळी भिजली. वाऱ्याने ती वाळवली; ती पुन्हा भिजली. पाय अडखळले, मूठ अडखळली नाही.

मग रडणं थांबलं. तिने वळून पाहिलं. बाभळीखाली अनुसयाबाई पुटपुटत होत्या, आणि एका धड हाताने झोळीची दोरी ओढत होत्या.

आठव्या दिवशी काळ्या रानात पोपटी ओळी उमटल्या. सुईएवढ्या, दुधाळ टोकांच्या. पूर्वेचा वारा त्यांच्यावरून गेला, पुन्हा गेला. त्या वाकल्या, आणि उभ्या राहिल्या, उभ्याच राहिल्या.