लाजऱ्या मुशीची साक्ष

क्लिपमाउथ या मच्छीमारांच्या गावी धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध समुद्राच्या पाण्याचा टब, त्यात हातभर लांबीची, पट्ट्यापट्ट्यांची लाजरी मुशी, म्हणजे छोट्या शार्कची एक जात, आणि टबामागे पांढऱ्या झग्यातले फिरते धर्मोपदेशक ब्रदर नफ्ताली.

"पापी समोर आला की ही शेपटीने डोळे झाकते!"

"जाळ्यातून काढली की नेहमीच झाकते की," म्हातारे हान्सीकाका पुटपुटले.

"मग इतकी वर्षं ती कोणाला लाजत होती, काका?" ब्रदरांनी विचारलं.

हशा पिकला.

सारेलच्या होडीचं इंजिन चोरीला गेलं होतं आणि ब्रदरांचा मुक्काम सारेलकडेच होता. चार जणांनी टबावर वाकून शपथ घेतली, ब्रदरांच्या हातातली मुशी सरळच. मग धुरी देऊन मासे सुकवणारी विधवा रेजिना पुढे आली. "मी इंजिनाला हात लावलेला नाही," ती म्हणाली. मुशीने गर्रकन वेटोळं केलं आणि डोळ्यांवर शेपूट घेतली.

"गाव सोड!" सारेल ओरडला. त्याच्यामागे अख्खा धक्का ओरडला.

रेजिना लविनियाबाईंकडे वळली. बाईंनी तिला शाळेत शिकवलं होतं. "बाई, मी झोपेत तर नाही ना चोरलं?"

सगळे मुशीचे डोळे बघत होते, तेव्हा बाईंनी ब्रदरांचे हात बघितले होते. त्यांनी बाह्या सारल्या.

"ब्रदर, जरा मी धरू का?"

"अपवित्र हातांनी?"

"हात धुतलेत. टबातच."

लोक हसले आणि ब्रदरांना सरकावंच लागलं. बाईंनी मुशी पाण्यातच दोन्ही तळव्यांवर अलगद तोलली. थोड्या वेळाने वेटोळं सुटलं.

"हान्सीकाका, बोला."

काकांनी छातीवर हात ठेवला. "मी जन्मात दारूला शिवलेलो नाही!"

मुशी ढिम्म हलली नाही. काकांची बायको मात्र हसता हसता खाली बसली.

"आता सारेल, तुझा नातू आण." तीन महिन्यांचं पोर अंगठा चोखत होतं. "याने इंजिन चोरलं का, बघू या." बाईंनी मुशी घट्ट पकडून पाण्याबाहेर उचलली. झालं वेटोळं!

"चोर सापडला!" कोणीतरी ओरडलं. सारेलचा चेहरा उतरला.

"ज्याला सोडायचं त्याच्या वेळी हात मऊ, ज्याला अडकवायचं त्याच्या वेळी घट्ट," बाई म्हणाल्या. "आणि सारेलचा संशय कोणावर आहे, ते त्याच्याच जेवणाच्या टेबलावर कळतं. ब्रदर, चुकतेय का मी?"

ब्रदर झगा सावरत बसथांब्याकडे निघाले होते.

"ही पट्ट्यांची असो, ठिपक्यांची असो की साधी तपकिरी, लाजऱ्या मुशीची सगळी जातच घाबरली की अंगाचं वेटोळं करते. पाप तिला कळत नाही, पकड कळते. चोर हवाय ना? मग खुणा शोधा, पोलिसांत जा, आधी विचारा आणि मग बोट दाखवा. माशाच्या भीतीवर माणसाला घराबाहेर काढू नका."

बाईंनी मुशी समुद्रात सोडली. सारेल खाली मान घालून रेजिनाजवळ आला. "चल, घरी सोडतो तुला."

"माझं घर मला माहीत आहे, सारेल," ती म्हणाली. "तू इंजिन शोध."