मातीचे गुंडे

मी एक जुनी गोफण आहे. शेवगावजवळच्या वस्तीवर भागिरथीबाईंनी अंबाडीचा वाख मांडीवर वळून मला विणलं, आपल्या एकुलत्या एका लेकासाठी, कानिफनाथसाठी. वळताना त्या त्याच्याशीच बोलत बसायच्या, त्यामुळे त्याच्या साऱ्या खोड्या मला जन्माआधीच ठाऊक झाल्या!

मित्रांनो, ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या पाखरांचे थवे उतरायचे. कानिफ मचाणावर उभा राहून मला गरगर फिरवायचा. त्याचा नेम पाहून आईचा ऊर भरून यायचा. त्यांचा एक नियम मात्र होता. माझ्यात दगड घालायचा नाही. काळी माती मळून, तिचे गोल गुंडे उन्हात वाळवून तेच फेकायचे.

"पाखरू भ्यालं म्हंजी झालं. त्येला बी प्वाट हाय," त्या म्हणायच्या.

मग पावसानं पाठ फिरवली. विहिरीनं तळ गाठला. प्यायलाच पाणी नाही, तिथं माती कशात मळणार? भागिरथीबाईच म्हणाल्या, "औंदा दगडंच घे, बाबा."

चार दिवसांनी शेजारच्या रंभाजीचे उपाशी बैल आमच्या ज्वारीत शिरले. तो त्यांना न्यायला धावत आला. शब्दाला शब्द लागला, कानिफचं डोकं फिरलं आणि त्यानं नेम धरला. मला थांबता येत नाही हो. रंभाजीचा डावा डोळा गेला.

आईनं स्वतःच्या हातानं मला पोलीस पाटलाकडे दिलं. कानिफ तुरुंगात गेला.

"तू कशापायी झुरती? दगड तू मारला व्हय?" बाया विचारायच्या.

"मारला न्हाई. पर 'घे' मीच म्हनले."

खटला संपून मी घरी आले, तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी नेलं. वाटलं, आता माझी राख होणार. पण माझ्या दोरीला लेकाच्या तळहाताचा घाम होता. मला छातीशी धरून त्या खूप रडल्या. नंतर मी आढ्याला लटकले आणि उंदरांनी मला कुरतडलं.

पुढे पाऊस झाला. रंभाजीची ज्वारी डोलू लागली, पण डाव्या अंगाची पाखरं त्याला दिसेनात. भागिरथीबाई मला सांधून घेऊन, न बोलावता त्याच्या मचाणावर चढल्या. माझ्यात काही घालायचा त्यांना धीर होईना. त्या मला रिकामीच फिरवून फटाफट वाजवायच्या. दोन दिवसांत पाखरं सोकावली.

तिसऱ्या दिवशी रंभाजीनं मचाणाखाली काळ्या मातीची पाटी आणि पाण्यानं भरलेली घागर आणून ठेवली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बोलला.

"वहिनी, रिकाम्या गोफनीला पाखरं भेत न्हाईत. गुंडे करा."

भागिरथीबाईंनी दबकत विचारलं, "भावजी, कानिफ सुटून आला तर..."

रंभाजीनं पाटीतलं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. "आला की त्येला बी माती मळायला बसवा. हितंच, माज्या डाव्या अंगाला."

भागिरथीबाईंनी खाली उतरून घागर कलती केली. माती मळून त्यांनी पहिला गुंडा उन्हात ठेवला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते, कितीही टंचाई आली तरी माती मळण्यापुरतं पाणी घरात राखून ठेवा.