सावलीचा पाठ

गप्प उभं राहून लिहिणारं माणूस सरूबाईला एकच ठाऊक होतं, म्युनिसिपालटीचं. ते बाजारात दिसलं की मासळीची पाटी उचलून पळायचं. त्यामुळे तिची लेक कमळ जेव्हा म्हणाली, "आम्ही पाठ घेताना आमच्या बाई मागच्या बाकावर बसतात नि चुका लिहितात," तेव्हाच सरूबाईच्या मनात पाल चुकचुकली. भलं चिंतणारं माणूस मागे कशाला बसेल?

१९७० साली कमळ मॅट्रिक झाली आणि अंधेरीच्या अध्यापक विद्यालयात जायला लागली. दोन वर्षं शिकली की प्राथमिक शाळेत बाई. सरूबाईच्या घरात आजवर बायांनी डोक्यावर पाटीच घेतली होती. तिला अभिमान होता, नाही असं नाही. भरवसा मात्र नव्हता. पोर अंगाला दोनदा साबण लावायला लागली. इस्त्रीची पाचवारी नेसायला लागली. एकदा तर म्हणाली, "आये, बसस्टॉपवर माझ्याजवळ उभी राहू नको गो, लोकं बघतात." शेजारच्या कृष्णाबाईने त्यावर तिखटमीठ लावलं, "शिकली का तुला वलखनार पन नाय ती." सरूबाईने तिला झापलं, पण ते बोलणं माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं ते अडकलंच.

दिवाळीनंतर कमळचा पहिला सराव पाठ ठरला. अंधेरीतलीच एक शाळा, तिसरीचा वर्ग, विषय सावली. आठवडाभर ती चुलीपुढे, माठापुढे, वाळत घातलेल्या बोंबलांपुढे उभी राहून पाठ घोकत होती. विषय आपण सांगायचा नाही, असे प्रश्न विचारायचे की तो मुलांच्याच तोंडून आला पाहिजे, असा म्हणे नियम. सरूबाईला ही सरळसरळ फसवाफसवी वाटली. पोरांनी नाहीच सांगितलं तर? मागे ती बाई पेन्सिल घेऊन टपलेली. लेकीला घरी बसवायचा हा डाव नाही कशावरून?

ती शाळा सरूबाईच्या रोजच्या फिरतीवर होती. पाठाच्या दिवशी सकाळी तिने फाटकापाशी पाटी उतरवली, तिसरीची पोरं गोळा केली आणि कनवटीची लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दाखवली. "नवीन बाई काय पन इचारू दे, सावली बोलायचं. पाठ झाला का गोली." इतका सोपा अभ्यास पोरांना कोणी दिला नव्हता. मग पाटी कमरेवर घेऊन ती वर्गाच्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहिली.

कमळच्या विद्यालयातल्या उत्तराबाई वही उघडून मागे बसल्या. कमळने पदर सारखा केला.

"मुलांनो, सकाळी पूर्वेला काय उगवतं?"

"सावली," अख्खा वर्ग ओरडला.

"बरं. उन्हात खूप चाललं की काय लागते?"

"सावली."

तिने घाबरून पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

मुलीचं नाव लता होतं. ती जराशी अडखळली, पण कबूल केलं ते केलं. "सावली," ती म्हणाली. "बाई, गोळी आत्ता मिळणार?"

उत्तराबाई उठून पुढे आल्या. "कमळ, मुलांना तू पढवलंस? पाठ बिघडला तर मी समजू शकते. पण असली लबाडी करणारी मुलगी विद्यालयात राहू शकणार नाही."

कमळने खिडकीकडे पाहिलं. गजांपलीकडे आईचा अंबाडा आणि त्यातली अबोलीची वेणी. दोघींची नजरानजर झाली.

"हो बाई, मीच पढवलं," कमळ म्हणाली.

दुसरी आई म्हणाली असती, पोरीने मला वाचवलं. सरूबाईचं मन संशयी. हिला वाटलं, वाचवत नाही, लपवतेय. ही मासळीवाली माझी कोणी लागते हे सांगण्यापेक्षा पोरीला शिक्षण सुटलेलं परवडलं. रागही आला, रडूही आलं, पण पोरीचं वाटोळं होताना बघवेना. ती पाटीसकट दारात जाऊन उभी राहिली.

"खोटं बोलतंय ती. गोल्या मी कबूल केल्या. तिला काय ठाव नाय."

"तुम्ही कोण?" उत्तराबाईंनी विचारलं.

सरूबाईच्या मनात आलं, लपवायचंय ना तिला, मग लपवू दे. "मासलीवाली. हीतंच धंदा हाय माजा."

"मग हिच्या पाठाशी तुमचा संबंध काय?"

सरूबाई पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

"माझी आई आहे, बाई," कमळ म्हणाली आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

उत्तराबाईंनी दोघींकडे पाहिलं. मग वही मिटली. "गुरुवारी पुन्हा पाठ घे. विषय दुसरा देते. आणि आई फाटकाच्या बाहेर."

शाळा सुटल्यावर फाटकाशी सरूबाईने पोरांना कबूल केलेल्या गोळ्या वाटल्या. मग हळूच विचारलं, "इषय कनचा दिला गो?"

"नाय सांगणार."

"मना पन?"

"तुलाच नाय सांगणार, आये."

भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. समोरच्या बसस्टॉपवर विद्यालयातल्या मुली उभ्या होत्या, इकडेच बघत होत्या. कमळने वाकून पाटीला दोन्ही हात लावले आणि ती आईच्या डोक्यावर चढवली. चढवताना मासळीचं पाणी तिच्या इस्त्रीच्या साडीवर ओघळलं. आता ती पदराने पुसते का, हे सरूबाई तिरक्या डोळ्याने बघत राहिली. बस आली, कमळ चढली, खिडकीतून तिने हात केला. साडी तिने पुसली नव्हती.