ओहोटीची पाहणी

मत्स्यशेतीच्या नव्या धोरणातलं एक कलम समितीच्या अध्यक्षसाहेबांच्या डोळ्यांत खुपत होतं. तलावांतलं घाण पाणी आधी वेगळ्या तलावात निवळू द्यायचं, मगच खाडीत सोडायचं, एवढंच त्यात होतं. पण निवळायच्या तलावात मासे वाढवता येत नाहीत, म्हणजे जागा फुकट, असा तलाववाल्यांचा धोशा. साहेबांना तो पटला होता. एक पाहणी उरकायची आणि कलमावर काट मारायची, असं जवळजवळ ठरलंच होतं.

कलम लिहिलं होतं नियोजन अधिकारी बाईंनी, आणि त्यांचा जीव त्यात गुंतला होता. त्यांचा थोरला भाऊ त्याच खाडीत दोरांवर कालवं वाढवायचा. लागोपाठ दोन हंगाम ती त्या घाण पाण्यानं मरून पडली. कलम गेलं तर गाव सोडतो, असं दादानं आईला सांगून टाकलं होतं. बाई सरळमार्गी, त्यांनी हे नातं पहिल्याच बैठकीत उघड केलं. झालं, तेव्हापासून त्या काहीही बोलल्या तरी भावाचीच वकिली ठरायची. आता बोलण्यात अर्थ नव्हता, दाखवायलाच हवं होतं.

समिती नेहमी भरतीला यायची. भरतीला बोट थेट धक्क्याला लागते, बूट कोरडे राहतात आणि खाडी दिसतेही मोठी देखणी. या खेपेला बाईंनी ओहोटीची वेळ ठेवली. वेळ पत्रात स्पष्ट होती, पण तेव्हा पाणी कुठं असेल हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

तलावांच्या नाल्यासमोर बोट गाळात बसली ती बसलीच. नावाड्यानं बांबू रेटून पाहिला आणि नाद सोडला. तेवढ्यात तलावांची दारं उघडली. काळं, फेसाळ पाणी बोटीभोवती पसरलं. सगळ्यांचे रुमाल नाकाला गेले. उतरून पळावं तर मांडीभर चिखल. साहेबांनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

"हे रोज असंच सोडतात?" त्यांनी विचारलं.

"रोज, ओहोटीला. आपण भरतीला येतो, म्हणून दिसत नाही," बाई म्हणाल्या.

पलीकडे दादा कालवांचे दोर सोडून गुंडाळत होता. आवराआवर सुरूच झाली होती.

साहेबांचंही तिकडे लक्ष गेलं. "आपण भरती आली की निघून तरी जाऊ," ते म्हणाले, "त्या माणसानं कुठं जायचं?"

समितीचे सगळे बोटीतच होते, पळायला वाट नव्हती, तेव्हा बैठक तिथंच झाली. तलाववाल्यांचा पाठीराखा सदस्यसुद्धा रुमालाआडून 'मंजूर' म्हणाला. कलम राहिलं. वर साहेबांनी स्वतःहून भर घातली, की ते जुन्या तलावांनाही लागू.

बाई हुद्दा विसरून गाळात रुतलेल्या बोटीत उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन लहानपणीसारख्या ओरडल्या, "दादा, दोर सोडू नको! कलम राहिलं!"

दादानं मान वर केली. मग त्यानं गुंडाळलेला दोर उलगडला आणि पुन्हा खांबाला बांधायला घेतला.